बाळंतिणीच्या खोलीतलं यंत्र

लेकाचं, सोपानचं, वागणं रतनबाईला पटत नव्हतं, आणि पटत नाही ते तोंडावर बोलायची तिची रीत अख्ख्या भाजे गावाला ठाऊक होती. पोरगा दारूला शिवत नव्हता. देहूरोडच्या लष्करी डेपोतली नोकरी इमानानं करत होता, सकाळच्या लोकलला जात होता, संध्याकाळच्या लोकलनं परत येत होता. पत्त्याच्या अड्ड्यावर कधी कुणी त्याला बघितला नव्हता. बघितला असता तर बरं झालं असतं, असं रतनबाई विहिरीवर बोलून गेली होती.

"पत्त्याला बसलेला बाप्या भूक लागली की उठतो गं. माझा उठतच न्हाई."

त्याला खोड होती वस्तू खोलायची. आधी घड्याळ खोललं. लग्नात आंदण आलेलं टोल्यांचं घड्याळ, चांगलं चालतं-बोलतं. पण याला बघायचं होतं, आता किती टोले द्यायचे हे घड्याळाला कळतं कसं. आत गोगलगायीसारखी एक पायऱ्या-पायऱ्यांची चकती निघाली. ती त्यानं बायकोला, चंपाला, दाखवली, आईला दाखवली, शेजारच्या नथूला हाक मारून दाखवली, आणि परत बसवली. त्या दिवसापासून दुपारी बारा वाजता घड्याळ चार टोले द्यायचं आणि गप्प बसायचं. मग पाळी आली चंपाच्या शिवणयंत्राची. त्याच्याही पोटात एक वाकडी चकती होती, सुईनं कुठं जायचं ते सांगणारी. तीही बघून झाली. नंतर शिलाई अशी यायला लागली की चंपा झंपर शिवायची आणि रतनबाई हातानं उसवून परत टाचायची. भिंतीवरचं विजेचं मीटर तेवढं वाचलं, कारण त्याला सरकारी सील होतं.

"आये, आपल्या घरात लय हिशेबनीस लपून बसलेत," सोपान जेवताना म्हणाला होता. "तुला वाटतं घड्याळ वाजतं. ते वाजत न्हाई, मोजतं. शिलाई मशीन मोजतं. मीटरला तर झोपच न्हाई."

"मोजू दे की. त्यांनी मोजावं आन्‌ आपण जेवावं. कालवण निवलं तुझं."

इथवर रतनबाईनं चालवून घेतलं. बाप गेलेला पोरगा, एकुलता. थोरला भाऊ पाळण्यातच गेलेला. चार गोष्टी बिघडवल्या तर बिघडवल्या. पण मग ते यंत्र आलं.

डेपोनं लढाईच्या वेळचं जुनं सामान लिलावात काढलं होतं, तेव्हा भंगाराच्या भावात सोपाननं ते उचललं. ट्रकनं मळवलीपर्यंत, तिथून बैलगाडीत. गाडीच्या मागं निम्मं गाव चालत होतं. धान्याच्या कणगीएवढं लोखंडी खोकं, हिरवा रंग पोपडे धरलेला, चारी बाजूंना हातदांडे, वर काचेआड काटे. झाकण उघडलं की आत नुसती चाकं. चाकात चाक, चाकाला चाक, पितळेची, पोलादाची, नखाएवढी आणि ताटलीएवढी. उचलायला सहा गडी लागले. रतनबाई उंबऱ्यात उभी राहिली.

"कुटं ठेवणार हाईस हे?"

"आतल्या खोलीत. फरशी तितंच हाय. दुसरीकडं सारवलेल्या भुईत रुतंल ते. आन्‌ ओलपण न्हाई तितं."

आतली खोली म्हणजे बाळंतिणीची खोली. एरवी तिच्यात भाताचं बियाणं आणि पापडाचे डबे असायचे, पण नाव तेच. वारा लागू नये म्हणून खिडकी नव्हती, वर एक झरोका होता. कोपऱ्यात मोरी, म्हणजे बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला बाहेर जायला नको. बाज भिंतीशी उभी करून ठेवलेली. रतनबाईची तिन्ही बाळंतपणं त्या खोलीत झाली होती. पहिलंसुद्धा, कारण तिला माहेरचं कुणी उरलंच नव्हतं. सासूनं तिला तिथं शेक दिला, शेपा-बाळंतशेपाची धुरी दिली, आणि एक वेडंवाकडं अक्षर न बोलता महिनाभर राबली. सासू तशी कजाग होती, पण त्या खोलीत शिरली की निराळी व्हायची. रतनबाईनं ते ध्यानात ठेवलं होतं. आपली वेळ आली की आपणही तसंच करू. आता तिची वेळ आली होती. चंपाला दिवस होते.

चंपाचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी, कामशेतला झालं. शकू तिकडंच जन्मली. दुसरं सासरी, हीही रीतच. त्यात बोलायचं काही नसतं. दुसऱ्या खेपेला सून माहेरी गेली, तर लोक दोनच गोष्टी म्हणतात. एक, सासरी खायला नाही. नाही तर दोन, सासू बरी नाही. भाज्यात पहिली गोष्ट कुणी म्हटली नसती. घरचा आंबेमोहोर होता, दुभती म्हैस होती.

"दसऱ्यापतुर हलवतो," सोपान म्हणाला होता.

दसरा आला. सोपाननं यंत्राला झेंडूची माळ घातली.

चंपा शकूला घेऊन सणाला म्हणून कामशेतला गेली ती आलीच नाही. निरोप आणला भागूबाईनं. भागूबाई वरच्या ठाकरवाडीतली सुईण. तिच्या हातावर भाज्यातली, पाटणातली अर्धी पोरं जन्मली होती. उन्हाळ्यात ती लेणी बघायला येणाऱ्यांना करवंदं विकायची आणि बाकी वर्षभर लोकांच्या घरातल्या बातम्या फुकट वाटायची. ओसरीवर टेकून तिनं पान लावलं, आणि पान तोंडात गेल्यावर बोलली.

"तुझी सून म्हणती, बाळतपण हितंच करणार. मला सांगावा धाडलाय, तू इकडंच ये. आता मला चालत कामशेत व्हायचं न्हाई बघ, रतनबाय. गुडघं गेलं माझं."

"तुला कोन चालायला सांगतंय? ती हितं येणार हाय."

"कुटं निजवशील तिला? त्या लोखंडाच्या उरावर?"

रतनबाई उठून गोठ्यात निघून गेली. असं क्वचितच व्हायचं, म्हणून भागूबाई जाताना सुपारीही मागायची विसरली.

दुसऱ्या दिवशी रतनबाई नवं लुगडं नेसून कामशेतला गेली. विहीण, नंदाबाई, स्वभावानं गोड. इतकी गोड की तिच्याशी भांडायचं म्हणजे गुळाच्या ढेपेला दगड मारायचा. तिनं चहा केला, भजी तळली, आणि पोरीला पुढं बसवून आपण परसात निघून गेली. शकू आजीच्या मांडीवर येऊन बसली.

"चल गं घरी," रतनबाई म्हणाली. "सातवा सरत आला. एकदा आठवा लागला की तुला गावची शीव वलांडता यायची न्हाई. दिवाळीच्या अमुशेच्या आत आली पायजेस."

"येते की, आत्याबाई. खोली रिकामी करा, उद्या येते."

"तुला मी माजघरात बाज टाकून देते. पडदा लावते."

"माजघरातनं समदं घर जातंय-येतंय." चंपा खाली बघून बोलत होती, पण आवाज खाली नव्हता. "तुमच्यावर माझा राग न्हाई. तुमी काय मला आजवर वंगाळ बोलला न्हाईत. म्हंजे बोललात, पण ते समद्यांनाच बोलता." रतनबाईला हसू आलं, ते तिनं पदराआड दाबलं. "मी ह्यांना इचारलं, आवो, मला सातवा लागला, तुमी काय ठरवलंय? तर म्हणाले, एक तुकडा सापडायचा ऱ्हायलाय. मी माझ्या पोटाचं इचारलं, आत्याबाई. ह्यांनी यंत्राच्या पोटाचं सांगितलं. मग मी पिशवी भरली."

रतनबाई घरी आली ती मळवलीच्या फलाटापासून पाय ओढत. इंद्रायणीचं पाणी उतरलं होतं, खाचरात भात पिवळं पडायला लागलं होतं, चार दिवसांत कापणी. दरसाल या वाटेनं येताना तिचं मन भरून यायचं. आज तिला वाटलं, हे सगळं कापायचं, झोडायचं, भरायचं, आणि सगळं आपणच.

सोपान आतल्या खोलीत होता. गुडघ्यावर बसून दिव्याची वायर यंत्राच्या पोटात सोडून बघत होता.

"हात पूस आन्‌ इकडं बग," ती म्हणाली. "तुझी बायको येत न्हाई म्हणती."

"येईल गं. दिवाळीला कोन माहेरी ऱ्हातंय?"

"समद्या पोरी ऱ्हात्यात, बावळटा. ही खोली मला उद्या रिकामी पायजे."

सोपान उठला. आई, तू बस, म्हणाला. पापडाचा डबा पुढं सरकवला तिला बसायला. आणि त्यानं तिला ते यंत्र समजावून सांगितलं. अशी पाळी आजवर कधी आली नव्हती. तिनं कधी विचारलं नव्हतं आणि आताही विचारलं नव्हतं, पण थकल्यामुळं ती बसली, आणि बसली म्हणून ऐकलं.

लढाईत विमान आलं तर त्याच्यावर तोफ डागायची. पण विमान दिसतं तिथं गोळा मारून उपयोग नाही. गोळा वर पोहोचेपर्यंत विमान पुढं गेलेलं असतं. मग ते तोवर कुठं असेल तिथं मारायचं. हे कुठं असेल, ते काढायचं यंत्र हे. दोन माणसांनी दांडे फिरवून विमानावर नजर धरून ठेवायची, तिसऱ्यानं उंची सांगायची, आणि सगळा हिशेब आतली चाकं करणार. वीज नको, कागद नको.

"आता विजेवरची यंत्रं आली. त्यांना काम्पुटर म्हणत्यात. पेपरात आलंय, ममईत हाईत, पुण्यातबी हाईत. म्हणून हे भंगारात टाकलं. पण आये, हेबी तेच हाय. नुसतं हाता-पायानं चालणारं."

"आन्‌ आपल्या डोक्यावरनं इमान जातंय कुटं?"

"न्हाई जात."

"मग?"

"मग काय? डोकं हाय त्यात. डोकं असलेली वस्तू वितळवायची का गं?"

सोपाननं पुढं सांगितलं, सगळं आहे, एक तुकडा नाही. कुणीतरी पूर्वीच काढून घेतलेला. पिंपरीच्या, तळेगावच्या भंगारवाल्यांकडं तो जाऊन आला होता. पितळेचा भरीव गोळा, हातभर लांब. एका टोकाला जाड, एका टोकाला निमुळता, पण सरळ नाही. कुठं फुगीर, कुठं खोलगट, बटाट्यासारखा. आरपार भोक, आस घालायला.

"त्या उंचवट्यातच समदा हिशेब हाय. गोळ्याला किती येळ लागंल, त्याचा. आकडा कुटंबी लिवलेला न्हाई. त्याच्या अंगावरनं एक काटा फिरतो, उंचवटा लागला की वर जातो, खळगा लागला की खाली. त्या काट्याला जे कळतं, ते समद्या यंत्राला कळतं."

त्यानं हवेत दोन्ही हातांनी आकार दाखवला. जाड टोक, निमुळतं टोक, मधला फुगवटा. बाळ उचलून घ्यावं तसे हात.

रतनबाई उठली. "म्हशीचं बघायचं ऱ्हायलं," म्हणाली आणि बाहेर गेली. म्हशीचं केव्हाच झालं होतं.

तो गोळा तिच्या ट्रंकेत होता.

नवऱ्यानं, महिपतीनं आणलेला. लढाई संपल्यावर डेपोच्या मागच्या माळावर मोडकंतोडकं वजनावर विकत होते, तिथून. लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून आणला होता, पण तो बरणीच्या तोंडात मावेना. तशात सोपान जन्मला. बाराव्या दिवशी बारसं. बारशाला पाळण्याखालनं बाळ द्यायच्या आधी वरवंटा द्यायचा असतो. वरवंट्याला टोपरं घालतात, बाळासारखं गुंडाळतात, आणि एक बाई पाळण्याखालनं देते, दुसरी वरनं घेते. गोविंद घ्या, गोपाळ घ्या. थोरल्याच्या वेळी घरचाच वरवंटा दिला होता, आणि थोरला राहिला नाही. म्हणून नणंद म्हणाली, यंदा तो नको, हे पितळी घ्या. वजनाला अगदी पोराएवढं आहे. दिलं. सोपान जगला. मग त्याच्या पाठची शेवंता जगली. तेव्हापासून आळीतल्या बायका, मग पाटणच्या, मग वेहेरगावच्या, बारशाला रतनबाईकडनं पितळी बाळ न्यायला लागल्या. आणून देताना चिंचेनं घासून, लख्ख करून, नवं टोपरं घालून द्यायच्या. त्या टोपऱ्यांचा एक गठ्ठाच ट्रंकेत साठला होता. शकूच्या बारशाला ती स्वतः ते कामशेतला घेऊन गेली होती.

आणि सोपानला त्याचा पत्ता नव्हता. कुणाही बाप्याला नव्हता. बारसं बायकांचं. बाप्ये बाहेर मांडवात बसतात, घुगऱ्या खातात. पाळण्याशी काय चाललंय ते बघायला ते येत नाहीत, आणि टोपऱ्याखाली काय आहे ते विचारत नाहीत. तळेगावपर्यंत पायपीट करणारा तिचा लेक ज्या तुकड्यासाठी झुरत होता, त्याच्या पाठोपाठ तो स्वतः पाळण्यात गेला होता.

दोन दिवस रतनबाईनं तोंड उघडलं नाही. भागूबाईला तेवढं विचारलं, आडून आडून.

"बारशाला पितळीच लागतं का गं? सटवाईला चालंल का वरवंटा?"

"सटवाईला काय?" भागूबाई म्हणाली. "ती पोराच्या कपाळावर लिवती. धोंडा कुटला, ते न्हाई बघत. आमच्या वाडीत नदीतला गोटा घेत्यात. का? हरवलं का काय तुझं पितळी?"

"हरवंल कशाला? माझं काय हरवत न्हाई."

तिनं मनाशी जमवलं ते असं. पोरगा वाईट नाही. एका तुकड्यापाशी अडलाय. तो तुकडा मिळाला, एकदा त्यानं फिरवून बघितलं, की जीव निवंल. मग सहा गडी बोलावून यंत्र गोठ्याच्या पडवीत. खोली धुऊन काढायची, सारवण-रांगोळी, बाज कसायची, आणि धनतेरसेच्या आत चंपा घरात. भुकेल्याला जेवू घातलं की तो पानावरनं उठतो. एवढी सरळ गोष्ट होती.

शनिवारी अर्ध्या दिवसानं सोपान लवकर घरी आला, तेव्हा तिनं टोपरं काढलं आणि गोळा त्याच्या मांडीवर ठेवला.

सोपाननं तो कानाशी धरला, उजेडात धरला, भोकातनं बोट घालून बघितलं.

"कुटं घावला?"

"आधी कबूल कर. हे बसलं की खोली रिकामी."

"आये, कुटं घावला?"

"तुझ्या बारशाचा वरवंटा हाय तो. कबूल का न्हाई?"

"कबूल, कबूल!" तो आत पळालासुद्धा.

बसवायला त्याला रविवारची दुपार झाली. रतनबाईला बोलावलं, नथूला बोलावलं. एक दांडा नथूच्या हातात, एक स्वतःच्या. "हळू, नथू. एकसारखं. जात्यावानी." दांडे फिरले. आत कुठंतरी किरकिर झाली, मग किरकिर थांबली आणि आवाज यायला लागला तो एकदम मऊ, मोहोळातल्यासारखा. काचेआडचा काटा थरथरला. मग हलला. अडखळला नाही. सरळ, सावकाश, जसा काही त्याला कुणी तरी पुढं बोलावतंय असा सरकत राहिला.

"बग!" सोपान ओरडला. "बग आये, सांगतंय!"

"काय सांगतंय?"

"इमान कुटं असंल ते!"

"बरोबर सांगतंय कशावरनं?"

सोपान हसला. घामानं त्याचं तोंड भिजलं होतं. "ते कुनाला ठाव? खरी तोफ पायजे, खरं इमान पायजे. हा तुकडा ह्याच तोफेचा हाय का दुसऱ्या, तेबी ठाव न्हाई. पण सांगतंय!"

नथू म्हणाला, "मायला, माझ्या म्हातारीवानी हाय. बरोबर का चूक, पण सांगतं." सोपान हसून हसून भिंतीला टेकला. रतनबाईनं लेकाला इतकं हसताना कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. लग्नात नाही, शकूच्या वेळी नाही. तिला त्या हसण्याचं बरं वाटलं, आणि ते आपल्यामुळं नाही, एका खोक्यामुळं आहे, याचं वाईट वाटलं. म्हणून त्या दिवशी तिनं खोलीचा विषय काढला नाही. हसू दे एक दिवस, म्हणाली.

सोमवारी काढला. सोपान कामावरनं आला, चहा घेतला, आणि खोलीकडं निघाला.

"मी आळीतल्या बहिरूला सांगितलंय," ती म्हणाली. "त्याची पोरं उद्या येत्यात सांजच्याला. पडवी झाडून ठेवलीय. उचलायचं उद्या."

सोपान थांबला. "उद्या?"

"मग कवा? अमुशा आली."

"आये," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मऊ झाला. तो मऊ झाला की काम बिघडलं, हे रतनबाईला ठाऊक होतं. "आता कसं हलवू? आता चालतंय ते."

"चालतंय म्हणूनच. बसलं की खोली रिकामी, कबूल म्हणाला व्हतास."

"तवा बंद व्हतं. बंद वस्तू कशीबी उचल. आता समदी चाकं एकमेकांत बसलीत. सहा जणांनी तिरकं धरलं, एक चाक जागचं सरकलं, तर मला पुन्यांदा कळायचंबी न्हाई कुटलं. पडवीत ओल हाय. गंज धरंल." तो बोलत राहिला. डेपोतल्या एका साहेबाला सांगितलंय, साहेब म्हणाला बघायला येतो. दिवाळी झाल्यावर. कदाचित कुठल्या कालेजात ठेवतील. थोडी कळ काढ.

रतनबाई ऐकत होती आणि तिला आपलीच चूक दिसत होती, ताटात पडलेल्या केसासारखी लख्ख. बंद यंत्र घरात पाहुणा होतं. आज ना उद्या गेलं असतं. तिनंच त्याला जीव दिला. तिला वाटलं होतं भूक भागली की माणूस उठतो. हा उठणारा नव्हताच. याची भूक भागत नव्हती, वाढत होती.

"आन्‌ चंपा?" ती म्हणाली.

"राहू दे की तिकडं. तिचं माहेर हाय, परकं हाय का? इहीणबाई चांगल्या हाईत. मी जाऊन येईन रविवारचा."

"तुझं पोर जन्मायचंय."

"ते तर हितंबी जन्मंल, तितंबी जन्मंल." तो वाईट बोलला नाही. खरंच त्याला तसं वाटत होतं. "यंत्र दोन ठिकाणी ऱ्हाऊ शकत न्हाई, आये."

बहिरूच्या पोरांना आणून, सोपान कामावर असताना ते खोकं उचलून बाहेर फेकावं, हे तिच्या मनात येऊन गेलं. अंगात पूर्वीची धमक असती तर केलंही असतं. पण मग चंपा येणार ती कुठल्या घरात? नवरा पडवीत बसून भंगाराला कुरवाळतोय आणि खोलीत बाळंतीण, असल्या घरात. खोली रिकामी करून मिळते. माणूस रिकामा करून मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शेजारच्या आक्काबाईकडं म्हैस सोपवली. कापणीला बहिरूला सांगितलं. बाळंतशेपा, वावडिंग, डिंक, अळीव यांच्या पुरचुंड्या एका धडप्यात बांधल्या. मऊ जुन्या लुगड्यांची गाठोडी वेगळी. सुनेचं बाळंतपण करायला सासू विहिणीच्या दारात, असं भाज्यात कधी झालं नव्हतं. आक्काबाईनं तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "रतनबाय, लोकं काय म्हणतील?" रतनबाई म्हणाली, "तू सांगशील तसं म्हणतील. नीट सांग."

सोपान लोकलसाठी निघाला होता. आई गाठोडी घेऊन ओसरीवर बसलेली बघून तो थबकला.

"कुटं निघालीस?"

"कामशेतला."

"चंपाला आणाया?" त्याचा चेहरा पडला. "आये, मी सांगितलं ना तुला..."

"आणाया न्हाई. ऱ्हायला."

त्याला कळायला वेळ लागला. डबा एका हातातनं दुसऱ्या हातात घेतला. "तितं? इहीणबाईंच्या घरी? तू? लोकांत काय दिसंल ते?"

"आता तुला लोकं आठवली व्हय?"

"मग माझं जेवणखाण?"

एवढं तो बोलला आणि रतनबाईला हसू आलं. रागाचं नव्हतं ते, नुसतंच आलं. तिनं गुडघ्यावर हात टेकून अंग उचललं. गाठोडी उचलायला तो पुढं झाला, तिनं उचलू दिली नाहीत. पायऱ्या उतरून अंगणात उभी राहिली, मागं वळली, आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात नाही, एकट्या त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली.

"ऐक, सोपाना. तू वंगाळ न्हाईस. वंगाळ असतास तर मी तुला कवाच सरळ केला असता, ते मला जमतं. तू चांगला हाईस आन्‌ बिनकामाचा हाईस, आन्‌ असल्या माणसाशी भांडायला आता माझ्यात बळ ऱ्हायलं न्हाई. खोली तुला ठेव. तिच्यात ज्याला जपायचं त्याला जप. मी माझ्या सुनेला जपते, तिच्या आईच्या घरी, मान खाली घालून. तुझ्या घरी बाळतपण झालं न्हाई, हे लोकं माझ्या नावावर लिवतील. मी लिवून घेते. पण मी तुला सांगते, ते तुझ्या नावावर हाय. आता जा, लोकल चुकंल तुझी."